नारायणगावचा टोमॅटो, द्राक्षाची वाईन आणि तुमचा शुगर रिपोर्ट : साखर फोडणाऱ्या दहा पायऱ्या

पुणे-नाशिक महामार्गावरचं नारायणगाव म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला बाजार, द्राक्षबागा, यात्रांच्या सुपाऱ्यांसाठी लागणाऱ्या तमाशाच्या राहुट्या आणि जुन्नर-आंबेगावच्या गावोगावचे बैलगाडा शर्यतींचे घाट.

आता यातल्या चार गोष्टी घ्या. क्रेटमधला टोमॅटो, टाकीत आंबणारा द्राक्षाचा रस, घाटात सुटलेला बैल आणि शुगर तपासायला लॅबमध्ये दिलेलं रक्त. वरवर बघता यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पण या चारही ठिकाणी आत एकच काम सुरू असतं, ते म्हणजे ग्लुकोज फोडण्याचं. तेही त्याच दहा पायऱ्यांत आणि त्याच दहा प्रकारच्या विकरांच्या, म्हणजे एंझाइमच्या, मदतीने.

या प्रक्रियेचं नाव ग्लायकोलायसिस. दहावीच्या विज्ञानात हा शब्द येतो, दोन मार्कांसाठी पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. पण तुमचा डायबेटीसचा रिपोर्ट खरा की खोटा, हे ठरवण्यातही या प्रक्रियेचा हात असतो.

ग्लायकोलायसिस म्हणजे नेमकं काय?

ग्रीक भाषेत 'ग्लायकिस' म्हणजे गोड आणि 'लायसिस' म्हणजे फोडणं. गोड पदार्थाची फोड, इतका साधा अर्थ आहे. मराठी पुस्तकांत याला ग्लुकोज-विघटन म्हणतात.

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६ अणू असतात. दहा पायऱ्या उतरल्यावर त्याचे ३-३ कार्बनचे दोन तुकडे होतात. या तुकड्याला पायरुव्हेट म्हणतात, शाळेच्या पुस्तकातलं पायरुविक आम्ल ते हेच. फोडाफोडीत जी ऊर्जा सुटते त्यातली काही एटीपी नावाच्या रेणूत साठवली जाते. एटीपी म्हणजे पेशीच्या खिशातले सुटे पैसे. स्नायू आखडायचा असो, मेंदूने संदेश पाठवायचा असो, की मुळाने मातीतून क्षार ओढायचे असोत, खर्च होतो तो एटीपीच.

हे सगळं पेशीद्रव्यात घडतं. त्यासाठी तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, लागत नाही आणि ऑक्सिजनही लागत नाही. म्हणूनच जिवाणूंपासून माणसापर्यंत बहुतेक सगळ्या सजीवांत हा मार्ग या ना त्या रूपात सापडतो.

आधी खर्च, मग उत्पन्न

टोमॅटो लावायचा तर आधी रोपं, मल्चिंग, ड्रिप आणि बांबू-तारेवर पैसा घालावा लागतो. माल निघतो तो नंतर. ग्लायकोलायसिसचा हिशोबही असाच आहे.

पहिल्या पाच पायऱ्या खर्चाच्या.

१. हेक्झोकायनेज : एक एटीपी खर्चून ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेट लागलेलं ग्लुकोज सहजासहजी पेशीबाहेर निसटू शकत नाही.

२. फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज : ग्लुकोजची रचना बदलून ती फ्रुक्टोजची करतं.

३. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज : दुसरा एटीपी खर्चून दुसरा फॉस्फेट लावतं.

४. अल्डोलेज : ६ कार्बनच्या साखळीचे ३-३ कार्बनचे दोन तुकडे करतं.

५. ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज : दोन तुकडे सारखे नसतात. पुढच्या पायरीला न चालणारा तुकडा हे चालणाऱ्या रूपात आणतं.

इथून उत्पन्न सुरू होतं. तुकडे दोन असल्याने पुढची प्रत्येक पायरी दोनदा घडते.

६. ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजनेज : तुकड्यातले इलेक्ट्रॉन काढून एनएडी नावाच्या वाहकाच्या अंगावर टाकतं आणि तुकड्याला आणखी एक फॉस्फेट जोडतं.

७. फॉस्फोग्लिसरेट कायनेज : पहिली कमाई, २ एटीपी.

८. फॉस्फोग्लिसरेट म्युटेज : फॉस्फेटची जागा बदलतं.

९. एनोलेज : पाण्याचा एक रेणू काढून घेतं. हे नाव लक्षात ठेवा, शुगर रिपोर्टच्या वेळी ते पुन्हा लागणार आहे.

१०. पायरुव्हेट कायनेज : दुसरी कमाई, आणखी २ एटीपी. हाती उरतं पायरुव्हेट.

घातले २, मिळाले ४, निव्वळ नफा २ एटीपी.

हा मार्ग किती वेगाने चालवायचा हे मुख्यतः तिसऱ्या पायरीवर ठरतं. येडगाव धरणाचं पाणी खालच्या गरजेप्रमाणे सोडतात, तसंच फॉस्फोफ्रुक्टोकायनेज पेशीतली गरज बघून वागतं. एटीपी भरपूर असेल तर ते मंदावतं. एटीपी खर्ची पडून त्याचे उरलेले अवशेष वाढले की ते वेग घेतं.

खरी अडचण सहाव्या पायरीवर

सहाव्या पायरीवर एनएडी इलेक्ट्रॉनचं ओझं घेऊन जातो. पेशीत एनएडी मोजकाच असतो. बाजारात माल उतरवून रिकामे क्रेट परत आले नाहीत तर दुसऱ्या दिवशीची तोडणी अडते. तसंच इथेही आहे. एनएडी मोकळा होऊन परत आला नाही तर साखर समोर असूनही सहावी पायरी थांबते आणि तिच्यामागे सगळंच थांबतं.

हे ओझं उतरवायचे मुख्य मार्ग तीन.

ऑक्सिजन असेल तर ओझं तंतुकणिकेत पोचतं. तिथे पायरुव्हेटही पूर्ण जळतं आणि एका ग्लुकोजमागे एकूण ३० ते ३२ एटीपी मिळतात. यीस्टसारखे सजीव ओझं उतरवताना अल्कोहोल बनवतात. आणि स्नायू, लाल रक्तपेशी किंवा दह्यातले जिवाणू लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्ल, बनवतात. दही आंबट लागतं ते यामुळेच.

म्हणजे वाईन काय आणि दही काय, दोन्ही एनएडी मोकळा करण्याच्या धडपडीतून निघालेले पदार्थ आहेत.

द्राक्षाच्या रसाची वाईन होते तेव्हा

नारायणगावचं नाव वाईनशी जोडलं गेलं ते १९८० च्या दशकात. शॅतो इंडाजने इथे वायनरी उभी केली आणि इथली फेसाळती वाईन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात विकली गेली. महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००१ मध्ये.

द्राक्ष उत्पादकाला ब्रिक्स हा शब्द नवा नाही. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात साधारण २० ते २४ टक्के साखर असते आणि तीही जवळपास निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. दोन्ही थेट ग्लायकोलायसिसला चालतात. जुन्नरचा विघ्नहर किंवा आंबेगावचा भीमाशंकर कारखाना ज्या उसाचं गाळप करतो, त्या उसातली साखर मात्र सुक्रोज असते. ती आधी इन्व्हर्टेज नावाच्या विकराने ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि मग पुढे जाते. मळीपासून अल्कोहोल बनवतानाही यीस्ट याच क्रमाने काम करतं.

यीस्टच्या पेशीत पायरुव्हेट तयार झालं की आणखी दोन विकरं पुढे येतात. पायरुव्हेट डिकार्बोक्सिलेज त्यातून कार्बन डायऑक्साइड काढतं आणि अल्कोहोल डिहायड्रोजनेज उरलेल्या तुकड्याचं अल्कोहोल करतं. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून हिशोबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो.

दुसरा आकडा जीवनमरणाचा आहे. एक किलो साखर पूर्ण आंबली तर अडीचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आंबवणाच्या टाकीत थेट उतरणारा माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. म्हणून हवा खेळती केल्याशिवाय आणि आतली हवा तपासल्याशिवाय अशा टाकीत उतरायचं नसतं.

हे शोधलं कुणी?

१८९७ मध्ये जर्मनीचे एडुआर्ड बुखनर यीस्ट वाळूसोबत घोटून त्याचा रस काढत होते. रसाचा औषधासाठी काही उपयोग होतो का, हे बघायचं होतं. तो नासू नये म्हणून त्यात साखर घातली, जशी मुरांब्यात घालतात. तर रसातून बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसताना साखरेचं अल्कोहोल होत होतं.

तोवर आंबवण हे फक्त जिवंत पेशीचं काम मानलं जायचं. बुखनर यांनी दाखवलं की पेशी मेली तरी तिच्यातली विकरं काम करतात. एंझाइम या शब्दाचा ग्रीक अर्थही 'यीस्टमधलं' असाच आहे. १९०७ मध्ये बुखनर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुढे इंग्लंडचे आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी या प्रक्रियेत फॉस्फेट लागतो हे दाखवलं. गुस्ताव एम्ब्डेन, ओटो मायरहोफ आणि याकोब पार्नास यांनी स्नायूंवर काम करून बाकीच्या कड्या जुळवल्या आणि १९४० च्या सुमारास पूर्ण मार्ग हाती आला. म्हणून त्याला एम्ब्डेन-मायरहोफ-पार्नास मार्ग असंही म्हणतात. सगळ्यात मोठं आश्चर्य हे होतं की यीस्ट आणि स्नायू, दोघांतल्या पायऱ्या सारख्याच निघाल्या.

या गोष्टीत एक भारतीय नावही आहे. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी एटीपी शोधलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि सुब्बाराव यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं.

घाटातला बैल दम लागायच्या आत धावतो कसा?

बैलगाडा शर्यतीची एक बारी काही सेकंदांत संपते. इतक्या वेळात फुप्फुसांतून जास्तीचा ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पुरेसा पोचतच नाही. मग एवढी ताकद येते कुठून?

पहिले काही क्षण स्नायूत आधीच असलेलं एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेटचा साठा कामी येतो. पाठोपाठ ग्लायकोलायसिस पूर्ण वेगाने सुरू होतं. स्नायूत ग्लुकोजची साखळी ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. तिच्यातून सुटणाऱ्या ग्लुकोजला फॉस्फेट आधीच लागलेला असतो, त्यामुळे पहिल्या पायरीचा खर्च वाचतो आणि २ ऐवजी ३ एटीपी पदरात पडतात.

ऑक्सिजनच्या मार्गाने मिळतात त्याच्या तुलनेत ३ एटीपी म्हणजे काहीच नाही. पण ग्लायकोलायसिसचा वेग त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. दडून बसलेला बिबट्या झेप घेतो किंवा कबड्डीपटू लाईनकडे उडी मारतो, तेव्हाही हाच हिशोब लागू होतो. कमी मिळालं तरी चालेल, पण आत्ता मिळालं पाहिजे.

यात तयार झालेलं लॅक्टेट वाया जात नाही. हृदय ते इंधन म्हणून वापरतं. यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं, पण त्यासाठी यकृताला ६ एटीपी मोजावे लागतात. घाईत २ कमावले आणि नंतर ६ फेडले, असा हा उधारीचा व्यवहार आहे. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने हे चक्र उलगडलं, म्हणून त्याला कोरी चक्र म्हणतात. १९४७ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं.

एक गैरसमजही इथेच दूर करता येईल. जिमच्या दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे नाही. लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशीची दुखी स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेची असते.

क्रेटमधला टोमॅटो आणि साचलेलं पाणी

टोमॅटो तोडला म्हणून तो मरत नाही. झाडाकडून नवी साखर येणं बंद होतं, पण आतल्या पेशी श्वसन करत राहतात आणि साठवलेली साखर आणि आम्लं खर्च करत राहतात. त्यातून उष्णताही निघते. म्हणून क्रेट दाटीवाटीने, हवा न खेळता रचले तर मधला माल लवकर मऊ पडतो.

विकरांचा वेग तापमानावर चालतो. तापमान १० अंशांनी उतरलं की श्वसन साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. पण टोमॅटोला फार थंडीही सोसत नाही. कच्चा टोमॅटो १० अंशांच्या खाली बरेच दिवस ठेवला तर नीट पिकत नाही आणि चवही जाते.

झाडाच्या मुळांशीही हाच हिशोब आहे. सलग पावसात वावरात पाणी साचलं की मातीतल्या हवेची जागा पाणी घेतं. मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती ग्लायकोलायसिस व आंबवणावर दिवस काढतात. जिथे ३० एटीपी मिळत होते तिथे २ मिळतात. तेवढ्यात मुळांचं भागत नाही, त्यांचं पाणी उचलणंही मंदावतं. म्हणून पाण्यात उभं असलेलं टोमॅटोचं झाड तहानलेल्यासारखं सुकतं. अशा वेळी गरज असते ती साचलेलं पाणी चर काढून बाहेर घालवण्याची.

आता तुमचा शुगर रिपोर्ट

लाल रक्तपेशीत तंतुकणिका नसतात. ती ऑक्सिजन वाहून नेते, पण स्वतः तो वापरू शकत नाही. सुमारे १२० दिवसांचं तिचं सगळं आयुष्य ग्लायकोलायसिसच्या त्या २ एटीपीवर चालतं.

रक्त शिरेतून काढून बाटलीत भरलं तरी या पेशी थांबत नाहीत. बाटलीतल्या प्लाझ्मातलं ग्लुकोज त्या खात राहतात. खोलीच्या तापमानाला, काही उपाय न करता ठेवलेल्या रक्तातली साखर ताशी साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात आणखी जास्त.

समजा कुणाची उपाशीपोटी शुगर १३० आहे. १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे डायबेटीसच्या रेषेपलीकडे. रक्त गावात काढलं, साध्या बाटलीत ठेवलं आणि तपासणीला पोचायला दोन तास लागले. ताशी ६ टक्के घट धरली तर रिपोर्टमध्ये आकडा येईल ११५ च्या आसपास. डायबेटीस असलेला माणूस 'अजून तितकं काही नाही' असं समजून घरी जाईल.

म्हणूनच शुगरसाठीचं रक्त राखाडी झाकणाच्या बाटलीत घेतात. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. हे फ्लोराइड नवव्या पायरीचं एनोलेज बंद पाडतं. एक पायरी अडली की सगळी रांग अडते.

पण इथे एक बारकावा आहे. अडथळा नवव्या पायरीवर आणि ग्लुकोज पकडलं जातं पहिल्या पायरीवर. अडथळ्याची झळ मागे पोचेपर्यंत हेक्झोकायनेज साखर ओढतच राहतं. त्यामुळे फ्लोराइड असूनही पहिल्या एक-दोन तासांत थोडी साखर कमी होतेच. यावर खात्रीचा उपाय म्हणजे नमुना बर्फात ठेवणं आणि शक्य तितक्या लवकर मशीनवर फिरवून प्लाझ्मा वेगळा करणं. पेशीच बाजूला झाल्या की साखर खाणार कोण?

'तीन महिन्यांची शुगर' म्हणून ओळखली जाणारी एचबीए१सी तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे बाटलीतल्या या घटीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

विकर बिघडलं तर, आणि एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड

काही जणांत दहाव्या पायरीचं पायरुव्हेट कायनेज जन्मतः सदोष असतं. लाल पेशींना पुरेसं एटीपी मिळत नाही, त्या वेळेआधीच फुटतात आणि रक्तक्षय होतो. आजार दुर्मिळ आहे, पण एका पायरीची किंमत काय ते त्यातून कळतं.

ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या अनेक पेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही भरपूर ग्लुकोज खाऊन लॅक्टेट बनवतात. पेट स्कॅन यावरच चालतो. ग्लुकोजसारखा दिसणारा, किंचित किरणोत्सारी पदार्थ शरीरात सोडतात. हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं, पण पुढच्या पायरीला तो चालत नाही आणि पेशीतच अडकतो. जिथे साखरेची भूक जास्त, ती जागा स्कॅनमध्ये उजळून दिसते.

यावरूनच 'साखर सोडा, कॅन्सरची गाठ उपाशी मरेल' असे मेसेज फिरतात. ते खरं नाही. साखर खाल्ली नाही तरी यकृत ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी टिकवतं, कारण मेंदूला आणि लाल पेशींना ते लागतंच. उलट उपचार सुरू असताना मनाने जेवण तोडलं तर रुग्णाचं वजन आणि ताकद घटते, आणि ते धोक्याचं असतं. आहार ठरवायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

पुढच्या वेळी शुगरचं रक्त द्याल तेव्हा दोन गोष्टी विचारा. बाटली राखाडी झाकणाची आहे ना, आणि नमुना लॅबमध्ये किती वेळात पोचणार? इथेच तपासणी होत असेल तर चिंता नाही. लांब जाणार असेल तर प्लाझ्मा इथेच वेगळा करणार का, किंवा बर्फात पाठवणार का, तेही विचारा. बाटलीतल्या लाल पेशी तुमचा रिपोर्ट येईपर्यंत उपाशी थांबत नाहीत.